११६ घोडे पुरेत

चाळिशी उलटली, ग्रीन कार्ड हाती आलं आणि थोरली कॉलेजला गेली, की अमेरिकेतल्या मराठी पुरुषाचा पाय घरात ठरत नाही. पूर्वी अशा वेळी तो ढोलपथकात शिरायचा. मग मॅरेथॉनची साथ आली. हल्ली ट्रॅकची आलीय. ट्रॅक म्हणजे शर्यतींसाठी बांधलेला खराखुरा रस्ता. पैसे भरायचे, स्वतःची गाडी न्यायची, शेजारी शिक्षक बसवायचा आणि दिवसभर वळणं घ्यायला शिकायचं. न्यू जर्सीच्या दक्षिणेला मिलव्हिल गावात २००८ पासून असे दोन ट्रॅक आहेत. थंडरबोल्ट सव्वादोन मैलांचा, लाइटनिंग १.९ मैलांचा. एडिसनच्या मराठी वस्तीपासून दीड-दोन तासांवर.

छंदाला माझा विरोध नाही. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबल्यावर आपली गाडी काय करते, हे माणसाला आयुष्यात एकदा तरी कळावं आणि ते टर्नपाइकवर कळू नये, इतपत माझं मत अनुकूल आहे. भानगड ट्रॅकवर होतच नाही. ती गाडी निवडताना होते.

एडिसनच्या आमच्या मित्रवर्यांनी शिकण्यापुरती एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं आणि निकष एकच ठेवला: ४०० हॉर्सपॉवर. ३०० का नाही? तर ऑफिसातल्या एकाच्या गाडीला ३८० आहे. अमेरिकेत आल्यापासून ज्यांनी क्लचवर पाय ठेवलेला नाही, त्यांना पायाखाली ४०० घोडे हवे होते.

वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांना तुम्ही तरी सांगा. ताकदच हवी असेल तर दारात ओडिसी उभी आहे की. तिला काय कमी पडतंय?"

वहिनींना गाड्यांतलं कळत नाही असा मित्रवर्यांचा समज आहे. पण होंडा ओडिसी, म्हणजे मुलांची क्रिकेटची किट आणि मंडळाच्या श्रीखंडाचे डबे वाहणारी ती मिनीव्हॅन, इंजिनात २८० हॉर्सपॉवर बाळगून आहे. आणि शिकाऊ माणसाने घ्यावी अशी ट्रॅकवरच्या अनुभवी मंडळींची जी लाडकी गाडी, ती पहिल्या पिढीची माझदा मियाटा, सुरुवातीला ११६ घोड्यांची. सिग्नल सुटला की ओडिसी तिला मागे टाकेल आणि मागच्या सीटवरची पोरं काचेतून टाटा करतील.

एवढा अपमान पचत असेल तरच पुढे वाचा.

मियाटाची जन्मकथा थोडक्यात. इंग्रज पूर्वी छोट्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या करायचे. दिसायला देखण्या, चालवायला मजेदार, आणि उभ्या राहतील तिथे तेलाचा ठिपका सोडणाऱ्या. पुढे त्या गाड्या संपत आल्या. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की तसली गाडी आता तुम्ही करा. जपानी माणूस लगेच हो म्हणत नाही. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात गाडी उभी राहिली. साठच्या दशकातली लोटस एलान डोळ्यासमोर ठेवून बनवलेली. रूप घेतलं, हलकेपणा घेतला. गळतं तेल तेवढं माझदाने इंग्लंडलाच ठेवलं. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार इतकी दुसरी कुठलीच खपलेली नाही.

हा खप आपल्या कामाचा. जी गाडी ढिगाने विकली गेली तिचे सुटे भाग ढिगाने मिळतात, तिचे रोग सगळ्यांना पाठ असतात, आणि रात्री दहा वाजता गॅरेजमध्ये आडवं पडून शंका विचारावी तर उत्तर देणारा कोणीतरी जागा असतो. अमेरिकेत निव्वळ मियाटांच्या शर्यती होतात, स्पेक मियाटा नावाच्या. सगळ्यांची गाडी सारखी, त्यामुळे हरल्यावर गाडीला दोष द्यायची सोय नाही. आपल्या लोकांना हा प्रकार कितपत मानवेल, शंका आहे.

आता वजन. मियाटा हजार किलोच्या आसपास, ओडिसी दोन टनांच्या घरात. ताशी १६० किलोमीटरने धावणाऱ्या एक टनी गाडीत साधारण १० लाख ज्यूल ऊर्जा असते, दोन टनीत २० लाख. वळण जवळ आलं की त्यातली बरीचशी ब्रेकच्या तबकड्यांमध्ये उष्णता होऊन जायला हवी. हे एका फेरीत अनेकदा, आणि अशा फेऱ्या सलग वीस-पंचवीस मिनिटं. मग पॅड झिजतात, तबकड्यांना तडे जातात, टायरच्या कडा सालीसारख्या सुटतात. ट्रॅकवरचं बिल भाजीसारखं वजनावर होतं. मित्रवर्यांना ते हॉर्सपॉवरवर होतं असं वाटत होतं. मियाटाचा मूळ टायर १४ इंची, १८५ रुंदीचा. चांगले टायर हल्ली १५ इंचात जास्त मिळतात म्हणून बरेच जण चाकंच बदलतात. तरीही चार टायरचा खर्च ऐकून माणूस उभा राहू शकतो. भारी गाड्यांच्या टायरची किंमत बसून ऐकायची असते.

ब्रेकच्या तेलाबद्दल कोणी बोलत नाही, कारण ते दिसत नाही. नव्या डॉट-४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि पुरेसं पाणी शोषलेल्या तेलाला हीच अट १५५ अंशांची आहे. तेल उकळलं की बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, ते अदबीने जमिनीपर्यंत जातं आणि गाडी मात्र जात होती तशीच पुढे जात राहते. नास्तिकांना या क्षणी फार गोष्टी आठवतात. हलक्या गाडीत हा प्रसंग उशिरा येतो. ताजं तेल भरलं असेल तर बहुधा येतच नाही.

पण कमी वजनाचा खरा फायदा पैशांचा नाहीच.

दणकट इंजिनाची गाडी शिकणाऱ्याशी खोटं बोलते. वळणात तुम्ही लवकर आत शिरलात, बाहेर पडताना रस्ता अपुरा पडला, घाबरून वेग मारला. काही बिघडत नाही. पुढे सरळ रस्ता आहे, उजवा पाय दाबला की ४०० घोडे चूक पुसून टाकतात. संध्याकाळी माणूस घरी सांगतो, "जमायला लागलं." जमलं गाडीला. मियाटात वळणात सांडलेले पाच मैल परत गोळा करायला अख्खा सरळ रस्ता लागतो आणि तोही पुरत नाही. मग झक मारत शिकावं लागतं: ब्रेक कुठे सोडायचा, नजर किती लांब टाकायची, स्टिअरिंग किती कमी फिरवायचं. नव्या गाड्यांत संगणक घसरण सावरून घेतो आणि वर सांगतही नाही. या जुन्या गाडीत संगणकाला तेवढी अक्कल नाही. घसरलात तर तुम्ही घसरलात. तेही कमी वेगात, म्हणजे कमी खर्चात.

शिवाय अहंकार उतरवण्याची इथे शिस्तशीर व्यवस्था आहे. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ भागात, आणि पुढच्याने हाताने खूण करून वाट दिली तरच. मागे निळी कॉर्व्हेट लागली की तुम्ही हात बाहेर काढायचा, बोटाने बाजू दाखवायची आणि स्वतःच्या तोंडाने नाही तर स्वतःच्या हाताने कबूल करायचं की मी हळू आहे, आपण पुढे व्हा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर उजवी लेन वडिलोपार्जित समजून ताशी ७० ने जाणाऱ्या जमातीला एवढं शिकवण्यात एक अख्खी सकाळ जाते. गंमत पुढे आहे. चार वळणांनी तीच कॉर्व्हेट तुमच्या नाकासमोर, प्रत्येक वळणात रस्ता अडवून. तुमच्या शेजारचा शिक्षक तेव्हा काही बोलत नाही. नुसता हसतो.

इतर उमेदवार? आहेत. मित्रवर्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला होता, रंगीत.

टोयोटा एमआर-२ त्यात वरच्या क्रमांकावर होती. इंजिन सीटच्या मागे, गाडी चिमुकली, भाव बरा. १९८९ मध्ये आलेली दुसरी पिढी तर गरिबाची फेरारी म्हणूनच मिरवते. पण वळणात मध्येच भीती वाटली की नवशिक्या काय करतो? अॅक्सिलरेटरवरून पाय उचलतो. पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि या गाडीचं तर सगळं जड सामान मागे. मग गाडी तुम्हाला आलेला रस्ता पुन्हा दाखवते. ज्याची उपजत प्रतिक्रियाच चुकीची, त्याला तिची शिक्षा इतक्या तत्परतेने देणारी गाडी पहिली म्हणून नको. तिसरी पिढी, अमेरिकेत २००० ते २००५ विकली गेलेली उघडी एमआर-२ स्पायडर, वजनाने मियाटाच्या तोडीस तोड. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत एक्झॉस्टमधला छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून ढासळतो आणि त्याचा भुगा इंजिन स्वतःच ओढून घेतं. त्याची दुरुस्ती आधीच्या मालकाने उरकली असेल तर जरूर विचार करा.

लोटस एलिस. पहिल्या पिढीचं वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास, सांगाडा डिंकाने चिकटवलेल्या अॅल्युमिनियमचा. हे ऐकून मित्रवर्यांचे डोळे पाणावले. पण तिचा पुढचा सगळा मुखवटा म्हणजे फायबरग्लासचा एकच अखंड तुकडा. शिकाऊ माणूस एकदा गवतात जाणार, टायरच्या भिंतीला हळूच टेकणार, आणि ती टेकणी परदेशी सहलीच्या भावात पडणार. एलिस वाईट नाही. शिकणारा वाईट आहे.

होंडा एस-२०००: इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत गातं, पण संग्राहकांची नजर लागल्यापासून भाव असे की ट्रॅकवर न्यायचा धीर होत नाही. जुनी पोर्श बॉक्स्टर: स्वस्तात दिसते, मंडळाच्या पार्किंगमध्ये शोभते, आणि इंजिनात खोल एक बेअरिंग घेऊन येते, जे फुटलं तर इंजिन संपलं. छप्पर हवंच असेल, पाठीमागे दप्तराएवढी का होईना सीट हवी असेल, तर २०१२ पासूनची टोयोटा ८६ किंवा तिची जुळी सुबारू बीआरझेड घ्या. साडेबाराशे किलो, २०० घोडे, रोजची ऑफिसची ये-जाही करेल. सुरुवातीच्या गाड्यांचं व्हॉल्व्ह स्प्रिंगचं रिकॉल निघालं होतं, तेवढं विचारून घ्या. मला ती पटते. मित्रवर्यांना नाही पटली, कारण तिचे दिवे वर उघडत नाहीत. १९९७ पर्यंतच्या मियाटाचे उघडतात. पन्नाशीकडे झुकलेला माणूस अशा कारणांनी निर्णय घेतो आणि नंतर तक्ता करतो.

असो. मियाटा बघायला जाल तेव्हा इंजिनाकडे आधी जाऊ नका. विकणाऱ्याने ते पुसून ठेवलेलं असतं. खाली बसा. दाराखालची पट्टी, मागच्या चाकाच्या अलीकडचा भाग, तिथे बोटांनी ठोका. छपरावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. नळ्यांत पाला अडकला की पाणी पट्टीच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकचकीत. लोहचुंबक न्या: तो चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे न्यू जर्सीची गाडी आणि अॅरिझोनाची गाडी यांचं वय कागदावर सारखं असलं तरी पत्र्यात सारखं नसतं. वाहतुकीचा खर्च देऊन कोरड्या राज्यातून गाडी आणणं मला तरी स्वस्त वाटतं. इंजिन बदलता येतं, गंज बदलता येत नाही.

मग बॉनेट उघडा. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं नाक आखूड आहे. पुढची पुली सैल होऊन तिथली खाच खाल्ली जाते. पुलीला सहसा चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर पुढची सुधारलेली आवृत्ती. नाक आखूड असलं म्हणजे गाडी सोडून द्यावी असं नाही, पण भाव पाडायला हरकत नाही. तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर तिचे दिवस भरलेत. टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना बदलायचा असतो. तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, फक्त तुम्ही रस्त्याकडेला उभे राहता. थंड इंजिनाची टकटक बहुतेक वेळा निरुपद्रवी. विकणारा मात्र ती ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने बोलतो.

"ट्रॅकसाठी सज्ज" अशी जाहिरात असेल तर बिलांची फाइल मागा. दुसऱ्याने घातलेल्या चांगल्या शॉक अॅब्सॉर्बरचे, मोठ्या रेडिएटरचे, रोल बारचे पैसे त्याला विकताना परत मिळत नाहीत. ते तुम्हाला मिळतात. अशी गाडी अवश्य घ्यावी. पण फाइलमध्ये टर्बो दिसला, की चहा पिऊन नमस्कार करावा. त्या माणसाचाही पहिला आकडा ४०० च होता.

रोल बारवर तडजोड नाही. उघडी गाडी उलटली तर मूळ गाडीत डोक्यावर फक्त कापड आहे आणि पुढच्या काचेची चौकट त्या कामाची नाही. बऱ्याच आयोजकांकडे रोल बारशिवाय उघड्या गाडीला प्रवेशच नसतो. वर झाडूच्या दांड्याची परीक्षा: दांडा रोल बारवरून पुढच्या काचेच्या माथ्यापर्यंत आडवा धरायचा, हेल्मेट घातलेलं डोकं त्याच्या खाली राहायला हवं. सहा फुटी गोरे यासाठी सीटमधला फोम कापतात. साडेपाच फुटी मराठी देह जसा आहे तसा पास होतो. उंचीवरून आयुष्यभर ऐकलेल्या टोमण्यांची इथे भरपाई आहे. अतिउत्साहात पूर्ण पिंजरा मात्र रस्त्यावरच्या गाडीत बसवू नका. हेल्मेट नसताना साध्या धडकेतही डोकं त्या लोखंडावर आपटतं.

पुण्यातल्या वाचकांनी या मजकुरावर पत्रं पाठवू नयेत. माझदा भारतात गाड्या विकत नाही, आणि जुनी गाडी आयात करायला तीन वर्षांच्या वयाची अट आहे. तीस वर्षांची मियाटा बंदरातच म्हातारी ठरेल. तुमचे ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आणि कोइंबतूरला. तुमची मियाटा म्हणजे जुनी मारुती एस्टीम, जी वजनाने मियाटापेक्षाही हलकी आहे आणि त्या ट्रॅकवर वर्षानुवर्षं शर्यती खेळली आहे. नातेवाईक हसतील. हसू देत.

पैशांचं गणित वहिनींनी सोडवलं. नेहमीचा विमा ट्रॅकवरचं नुकसान बहुधा भरत नाही. वेगळा दिवसापुरता विमा काढता येतो. तो न काढल्यास, जी गाडी तिथेच टाकून टॅक्सीने घरी यायची तयारी आहे, तीच न्यावी. वहिनींनी विचारलं, "भावजी, ४०० वाली टाकून येतील का हे?" मित्रवर्य गप्प. "आणि ही?" मित्रवर्य म्हणाले, हिच्याबद्दल विचार करता येईल. अॅरिझोनातली एक बोलावली आहे. वाचलेल्या पैशांत ब्रेकचे पॅड, ताजं तेल, मोटार-शर्यतींसाठीच्या एसए प्रतीचं हेल्मेट, आणि उरलेलं सगळं शिक्षकाच्या शेजारी बसण्याच्या दिवसांवर.

ट्रॅकवर सकाळी आधी तंत्रतपासणी असते. चाकांचे नट ठरलेल्या जोराने आवळलेले, बॅटरी घट्ट बांधलेली, ब्रेकचे दिवे चालू. आणि गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर: पायपुसणी, पाण्याची बाटली, फोन, खणातली नाणी. डॅशबोर्डवरचा गणपतीही. तपासनीस विघ्नहर्ता वगैरे काही ऐकून घेत नाहीत. सैल असेल तर ते विघ्नच. मित्रवर्यांनी त्यावर दुहेरी चिकटपट्टी मागवली आहे.